दिव्याचा मोतीबिंदू

आठ-दहा वर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या एखाद्या मोटारीचे पुढचे दिवे निरखून पाहा. त्यांची पारदर्शक झाकणे पिवळट, दुधी झालेली दिसतील. आतला दिवा ठीक असूनही रस्त्यावर उजेड कमी पडतो आणि कडेने चालणारा माणूस चालकाला उशिरा दिसतो. शिवाय विखुरलेला प्रकाश समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवतो. हा दोष घरी दूर करता येईल का?

आधी एक प्रयोग करू. दिवा बंद आणि थंड असताना झाकणावर पाणी ओता. पिवळेपणा राहील, पण दुधीपणा बराच कमी होईल. पाणी वाळले की झाकण पुन्हा दुधी! असे का व्हावे?

हे झाकण पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकचे असते. १९५३ साली जर्मनीत हेर्मान श्नेल यांनी व त्याच सुमारास अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांनी ते स्वतंत्रपणे तयार केले. ते हलके असून सहजासहजी फुटत नाही. पण त्यावर ओरखडे लवकर पडतात आणि उन्हातील अतिनील किरणांनी त्याचे रेणू तुटतात. म्हणून कारखान्यातच त्यावर संरक्षक लेप देतात. तो झिजला की पृष्ठभाग पिवळा पडतो व त्यावर बारीक भेगा पडतात.

हवेचा वक्रीभवनांक सुमारे १.००, पाण्याचा १.३३ आणि पॉलिकार्बोनेटचा १.५८ आहे. भेगांत हवा असताना फरक ०.५८ असतो, पाणी शिरले की तो ०.२५ वर येतो. साहजिकच किरण कमी वळतात, कमी विखुरतात. म्हणजे दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे. पाणी ओतूनही झाकण तितकेच धूसर राहिले, तर दोष आतल्या बाजूला आहे असे समजावे. मग बाहेरून घासणे व्यर्थ!

आता उपाय पाहू. तो मोठ्या माणसांच्या मदतीनेच करावा. झाकण साबणाने धुवा आणि भोवतालच्या रंगावर चिकटपट्टी लावा. नंतर पाण्याचा पॉलिश पेपर ओला करून १०००, १५००, २००० व ३००० अशा चढत्या क्रमांकाने घासा. एकदा आडवे, पुढच्या कागदाने उभे घासले, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळते. सुरुवातीला झाकण अधिकच पांढरे दिसेल, घाबरू नका. १००० क्रमांकाच्या कागदाचे कण सुमारे १८ मायक्रॉनचे, तर २००० क्रमांकाचे सुमारे १० मायक्रॉनचे असतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मात्र ०.४ ते ०.७ मायक्रॉन! म्हणून शेवटी पॉलिशची पेस्ट लावून घासावेच लागते. ओरखडे तरंगलांबीहून पुष्कळ लहान झाले, की प्रकाशाच्या दृष्टीने पृष्ठभाग गुळगुळीत ठरतो.

टूथपेस्टमध्येही बारीक घर्षक कण असल्याने तिने थोडी चकाकी येते. पण काम इथे संपत नाही. घासताना उरलासुरला संरक्षक लेपही निघून जातो. झाकण तसेच उघडे ठेवले, तर ऊन पुन्हा आपले काम सुरू करते. म्हणून ते कोरडे करून त्यावर अतिनील किरण अडवणारा पारदर्शक लेप द्यावाच. थिनर किंवा अ‍ॅसिटोन मात्र वापरू नये. त्यांनी पॉलिकार्बोनेटला तडे जातात.

जाता जाता एक प्रश्न. खिडकीच्या दुधी काचेच्या खरखरीत बाजूवर पारदर्शक चिकटपट्टी दाबून बसवा आणि पलीकडे पाहा. मग तीच पट्टी गुळगुळीत बाजूवर लावा. काय फरक पडला? कारण आता तुम्हीच सांगा!