न्हाण्याआधीचे तेल : कुरळ्या केसांची निगा

कुरळ्या केसांची सर्वाधिक झीज होते ती धुताना. पाणी, फेस, चोळणारे हात आणि नंतरचा कंगवा या चौघांचा मारा त्यांना एकाच तासात सोसावा लागतो. म्हणून अशा केसांना डोके धुण्याआधी तेलाचा किंवा कंडिशनरचा हात फिरवणे फायद्याचे ठरते. नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगाच्या निमित्ताने घराघरांत हेच होते, मात्र वर्षातून एकदाच. कुरळ्या केसांना त्याची गरज दर न्हाण्याला असते.

कुरळा केस लवकर का तुटतो?

सरळ केस ज्या मुळातून उगवतो ते बहुधा सरळ असते. कुरळ्या केसाचे मूळ त्वचेच्या आतच वाकलेले असते. केसाचा छेदही गोल नसून चपटा, लंबगोल असतो. त्वचेतून पाझरणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते, पण कुरळ्या केसाच्या वळणांवर ते अडते. त्यामुळे टाळू तेलकट आणि शेंडे कोरडे, अशी तक्रार ऐकू येते. प्रत्येक वळणावर केस थोडा पिळलेला असतो आणि ताण पडला की तिथेच तुटतो.

केसाच्या बाहेरील आवरणाची रचना घरावरच्या कवेलूंसारखी असते. पातळ खवले एकावर एक चढवलेले, तोंडे शेंड्याकडे. त्यांचे पाच ते दहा थर असतात. सर्वांत वर स्निग्ध पदार्थाचा अतिशय पातळ लेप असतो, त्यामुळे निरोगी केसावर पाणी ठरत नाही. ब्लीच, केस सरळ करण्याची रसायने आणि तीव्र अल्कली यांनी हा लेप निघून जातो आणि त्या केसावर पुन्हा तयार होत नाही.

केस पाण्यात भिजला की जाडीने सुमारे 15 टक्के फुगतो, लांबीने मात्र जेमतेम 1 ते 2 टक्के. फुगताना कवेलू उचलले जातात, वाळताना पुन्हा बसतात. उचललेल्या अवस्थेत फेस काढण्यासाठी केस एकमेकांवर घासले की खवल्यांच्या कडा तुटतात आणि केसातील प्रथिन पाण्याबरोबर वाहून जाते. केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतो. म्हणजे 30 सेंटीमीटर लांब केसाचा शेंडा अडीच वर्षांचा असतो. आठवड्यातून दोनदा डोके धुणाऱ्या व्यक्तीच्या त्या शेंड्याने अडीचशेहून अधिक न्हाणी पाहिलेली असतात. शेंडे दुभंगतात ते यामुळे.

तेल नेमके काय करते?

या प्रश्नावरचे काही संशोधन महाराष्ट्रातच झाले आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधक आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी 1999 आणि 2003 मध्ये ‘जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स’ या नियतकालिकात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. 2003 च्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना होती. धुताना केसातून निघून जाणारे प्रथिन खोबरेलामुळे लक्षणीय कमी झाले. इतर दोन तेलांनी तसा परिणाम दाखवला नाही. हा अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीचा आहे, हे ध्यानात ठेवावे. पण त्यामागचे रसायनशास्त्र पटण्याजोगे आहे. खोबरेलातील मेदाम्लांपैकी जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल असते. त्याचे रेणू लहान आणि सरळ साखळीचे असल्याने ते केसाच्या आत शिरतात आणि पाण्याला आत येण्यासाठी कमी वाव ठेवतात. केस कमी फुगतो, कवेलू कमी उचलले जातात. खनिज तेल वरच राहते. चमक आणि गुळगुळीतपणा तेवढा देते.

तेलाने केस मुळातून जोमाने वाढतात, ही समजूत मात्र खरी नाही. त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्याला खाऊ घालता येत नाही, झीज रोखता येते. म्हणून तेलाची खरी जागा केसाच्या मधल्या भागापासून शेंड्यापर्यंत आहे, टाळूवर नाही.

घरातले कोणते तेल?

खोबरेल ही पहिली निवड. 24 अंशांखाली ते गोठते, त्यामुळे यवतमाळच्या थंडीत बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून ते पातळ करावे. थेट गॅसवर तापवू नये. तीळतेल आणि शेंगदाण्याचे तेल गुंता सोडवण्यापुरते चालते. करडई, सरकी आणि सूर्यफुलाच्या तेलांत लिनोलिक आम्ल जास्त असते. खोबरेलासारखे संरक्षण त्यांच्याकडून अपेक्षू नये.

जवसाचे तेल केसांना लावू नये. हवा लागली की ते घट्ट होते. चित्रकार रंग कालवायला ते वापरतात ते याच गुणामुळे. केसांवर राहिले तर चिकट थर बसतो. जवसाचे दाणे मात्र उपयोगी आहेत. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात सात-आठ मिनिटे उकळले की पाणी बुळबुळीत होते. ते गरम असतानाच फडक्यातून गाळावे, थंड झाल्यावर गळत नाही. तेल नको असेल तेव्हा हा बुळबुळीत रस न्हाण्याआधी केसांना लावला तर कंगवा सहज फिरतो. फ्रीजमध्ये तो चार-पाच दिवस टिकतो.

एरंडेल फार दाट असते. ते भरपूर लावून धुताना केसांची एकदम न सुटणारी गाठ बनल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे. वापरायचेच असेल तर खोबरेलाच्या चार-पाच भागांत एक भाग मिसळावे.

दुकानातील कंडिशनरही न्हाण्याआधी चालतो. झिजलेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो आणि कंडिशनरमधील घटकांवर धनभार. त्यामुळे ते झिजलेल्या जागीच चिकटतात. शाम्पूने यातील काही भाग निघून जातो, तरी केस घासले जात असताना त्याचा आधार मिळतो. पातळ केसांना तेल जड होत असेल तर हा पर्याय बरा.

लावण्याची रीत

खांद्यापर्यंतच्या केसांना दोन ते तीन छोटे चमचे तेल पुरते. केसांचे चार भाग करावेत. तेल तळहातावर पसरून आधी शेंड्यांना, मग मध्यापर्यंत लावावे. गुंता बोटांनी सोडवावा. नंतर मोठ्या दातांचा कंगवा शेंड्याकडून सुरू करून हळूहळू वर न्यावा. मुळाकडून ओढलेली फणी गाठ आणखी घट्ट करते.

धुण्याआधी निदान एक-दोन तास तेल राहू द्यावे. रात्री लावून सकाळी धुतले तरी चालते. सैल वेणी घालून सुती फडके बांधावे. तेल दोन-दोन दिवस डोक्यावर ठेवू नये. कापूस वेचणाऱ्या, जिनिंगमध्ये काम करणाऱ्या किंवा यवतमाळ जिल्ह्यातील वणी भागात कोळशाच्या धुळीत वावरणाऱ्या स्त्रियांनी कामावर जाताना तेल लावले तर रुईची तूस आणि धूळ केसांत घट्ट अडकते. त्यांच्यासाठी कामावरून आल्यानंतरची वेळ सोयीची. एप्रिल-मे महिन्यांत पारा 42 अंशांपुढे असताना तेल लावून प्लास्टिकची टोपी घालू नये. घाम कोंडतो आणि पुरळ येते.

शाम्पू मगभर पाण्यात पातळ करून फक्त टाळूवर चोळावा. खाली वाहणारा फेस शेंड्यांना पुरेसा असतो. पाणी कोमट असावे. नंतर शेंड्यांना कंडिशनर लावून धुवावे, आणि पंच्याने घासण्याऐवजी पाणी टिपून घ्यावे.

पाण्याचा प्रश्न

यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा आहे, तर वणी-मुकुटबनकडे चुनखडीही आहे. विहिरी-बोअरचे पाणी अनेक गावांत जड असते. तूरडाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो, ही त्याची ओळख. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसल्यास 600 मिलिग्रॅम आहे.

अशा पाण्यात अंगाच्या साबणाने डोके धुतले की साबणाची साय केसांवर बसते आणि केस राठ होतात. साबण स्वतः अल्कली असतो, त्यामुळे कवेलू आणखी उचलले जातात. म्हणून जड पाण्यात साबण टाळून शाम्पू किंवा शिकेकाई वापरावी. शेवटच्या एका बादलीपुरते पावसाचे साठवलेले पाणी घेता आले तर उत्तम. नाहीतर लिटरभर पाण्यात एक चमचा व्हिनेगर घालून त्याने केस धुवावेत. लिंबू वापरून उन्हात जाऊ नये; मानेवर आणि कपाळावर काळे डाग पडू शकतात.

डॉक्टरांकडे कधी?

टाळूवर तेलकट पिवळसर कोंडा, खाज आणि लाली असेल तर तेल बंद करावे. हा कोंडा वाढवणारी मॅलासेझिया बुरशी स्निग्ध पदार्थांवर पोसते. तेल चोळल्याने कोंडा दबल्यासारखा दिसतो, पण वाढतो. अशा वेळी कीटोकोनॅझोल असलेला शाम्पू डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावा. कपाळावर बारीक पुटकुळ्या येत असतील तर तेल केसांच्या रेषेपासून दूर ठेवावे.

मुलांच्या डोक्यावर केस तुटून काळे ठिपके दिसणारा गोल चट्टा बहुधा गजकर्णाचा असतो. त्याला तेल, लेप किंवा नुसते मलम पुरत नाही. पोटातून औषध लागते. उवा तेलाने मरतीलच असे नाही. तेलामुळे बारीक फणी फिरवणे तेवढे सोपे होते. घट्ट वेण्या वर्षानुवर्षे घातल्याने कानशिलापाशी केस विरळ होत असतील तर वेणी सैल करणे हाच उपाय. उशीर झाल्यास ते केस परत येत नाहीत.

रोज 50 ते 100 केस गळणे स्वाभाविक आहे. त्याहून अधिक गळती दोन-तीन महिने टिकली तर रक्ताल्पता, थायरॉइड, बाळंतपण किंवा मोठा ताप ही कारणे तपासावी लागतात. त्यासाठी तालुक्याचे रुग्णालय किंवा यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा त्वचारोग विभाग गाठावा.