एम-वन राहिलं, म्हणून इंजिनीअरिंग सोडायचं का?

बारावीला गणितात भरघोस गुण मिळवलेल्या मुलाचं पहिल्याच सेमिस्टरला एम-वन, म्हणजे इंजिनीअरिंगच्या गणिताचा पहिला पेपर, राहतं, आणि घरात दोनच निदानं होतात: एक तर त्यानं अभ्यास केला नाही, नाहीतर इंजिनीअरिंग त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. माझ्या मते बहुतेकदा ही दोन्ही निदानं चुकतात. कमी पडते ती अभ्यासाची पद्धत, आणि ती बदलता येते. इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे एमएचटी-सीईटीत, गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात, चुकलेल्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत आणि अकरावीचा भार जेमतेम 20 टक्के असतो. साहजिकच मुलं चार पर्यायांतून उत्तर हेरण्याचा वेग कमावतात आणि अकरावी मागे पडते. इंजिनीअरिंगला मात्र एकेक गणित पानभर चालतं, पायऱ्या स्वतः मांडाव्या लागतात, आणि कॉम्प्लेक्स नंबर्स, त्रिकोणमिती हा अकरावीचाच पाया पदोपदी लागतो.

मग मूल जास्त तास बसतं, पण जुन्याच रीतीनं. लाप्लास ट्रान्सफॉर्मची वीस गणितं सलग सोडवली की विषय आला असं वाटतं. प्रत्यक्षात कोणती रीत वापरायची हे धड्याच्या नावानंच सांगितलेलं असतं. डग रोहरर आणि केली टेलर या अमेरिकी संशोधकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटानं एकेका प्रकारची गणितं सलग सोडवली, दुसऱ्यानं सरमिसळ करून. सरावात सलगवाल्यांची 89 टक्के उत्तरं बरोबर आली, सरमिसळवाल्यांची 60 टक्के. आठवड्यानं चाचणी घेतली तेव्हा चित्र उलटलं: सलगवाले 20 टक्क्यांवर, सरमिसळवाले 63 टक्क्यांवर. म्हणजे सरावात अडखळणं हे बुद्धी कमी असल्याचं लक्षण नाही. पुष्कळदा शिकणं तिथेच घडत असतं. एकट्यानं झगडणंही महागात पडतं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात गणितज्ञ युरी ट्राइसमन यांनी 1970च्या दशकात पाहिलं, की कॅल्क्युलसमध्ये मागे पडणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्टाळू होते, पण एकेकटे अभ्यास करत. चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र एकमेकांची उत्तरं तपासत, चुका दाखवत. ट्राइसमन यांनी सोपी शिकवणी न देता गटात अवघड गणितं सोडवण्याचे वर्ग सुरू केले, आणि निकाल लक्षणीय सुधारले.

यावर कुणी म्हणेल, मागच्या पाच वर्षांचे पेपर पाठ केले तरी केटी, म्हणजे राहिलेला विषय, सुटते. सुटते, हे खरं. पण लाप्लास पुढे कंट्रोल सिस्टिम्समध्ये येतं, फूरिए सिग्नल्समध्ये आणि आयगेन व्हॅल्यूज मशीन लर्निंगमध्ये. पाठांतरानं टाळलेली अडचण तिथे व्याजासह समोर येते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: काही मुलांचा कल खरोखरच वेगळा असतो. असतोच, आणि अशा मुलानं वाट बदलण्यात कमीपणा नाही. मात्र तो निर्णय एका निकालाच्या धक्क्यात घेऊ नये. एक सेमिस्टर अकरावीतल्या उणिवा भरून काढाव्यात, मिश्र गणितं पुस्तक मिटून सोडवावीत, दोन-तीन मित्रांसोबत बसावं, अडलेली पायरी घेऊन सरांकडे जावं. एवढं करूनही ब्रांचच्या मूळ विषयांत रस वाटत नसेल, तर दुसरा मार्ग जरूर शोधावा. पालकांनी तोवर ‘किती तास बसलास?’ याऐवजी ‘कुठे अडलं, आणि कुणाला विचारलंस?’ हे विचारावं. पहिल्या प्रश्नानं मूल अडचण लपवायला शिकतं, दुसऱ्यानं ती सोडवायला.