आजचं चिंतन: जीर्ण वस्त्र आणि आज्जीची गोधडी



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय २, श्लोक २२.

हा श्लोक तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल. माणूस जशी जीर्ण वस्त्रं टाकून नवी घेतो, तसा देही जीर्ण शरीरं सोडून नवी शरीरं धारण करतो. ७२ श्लोकांच्या या अध्यायात भगवंत शोकाने खचलेल्या अर्जुनाची अनेक परींनी समजूत घालतात. त्यातला हा दृष्टांत मला सगळ्यात घरगुती वाटतो. आत्मा कळायला अवघड, पण जुने कपडे सगळ्यांनाच कळतात.

मागच्या वर्षी माझी आज्जी गेली. दिवसांमध्ये घरी गीता वाचली जायची. हा श्लोक आला तेव्हा मी उठून अंगणात गेलो. लोकांना वाटलं, नातवाला भरून आलंय. खरं तर मला राग आला होता. मनात आलं, आमच्या आज्जीने आयुष्यात एक जीर्ण वस्त्र टाकलं नाही! तिच्याबद्दल बोलायला हाच दृष्टांत?

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. आमच्याकडे गोधडीला वाकळही म्हणतात. होळी झाली, उन्हं तापली की आज्जी ट्रंकेतली जुनी लुगडी, आजोबांची धोतरं, आमचे तोकडे झालेले सदरे बाहेर काढायची. सगळं धुऊन, कडक उन्हात वाळवून, दुपारी सोप्यात पसरायचं. खाली एक अख्खं लुगडं, मध्ये फाटक्या कपड्यांचे थर, वर आणखी एक लुगडं. कोपऱ्यांवर वरवंटा नाहीतर दगड. मग एका बाजूला आज्जी, दुसऱ्या बाजूला आई. कडेपासून सुरुवात करून चारी बाजूंनी फिरत फिरत टाके आत सरकायचे, ते थेट मधोमध पोचेपर्यंत. मी सुईत दोरा ओवून द्यायचो, तेवढंच माझं काम.

तिचा एक नियम होता. विरलेला भाग आत, धड भाग बाहेर. मी एकदा विचारलं, "आज्जी, विरलेलं टाकून का देत नाहीस?" ती म्हणाली, "अरं, विरलेलंच मऊ असतंय. ऊब त्याचीच."

इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली तेव्हा तिने माझ्यासाठी खास गोधडी शिवली. आत आजोबांचं धोतर होतं. ते जाऊन दोन वर्षं झाली होती. होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात रूममेट्सची ब्लँकेट्स बघितली आणि मी ती गोधडी कॉटखाली ढकलली. कुणी काही बोललं नव्हतं, पण मलाच लाज वाटली. वर्ष संपल्यावर रूम रिकामी करताना मी ती तिथेच सोडून आलो. घरी सांगितलं, चोरीला गेली.

आज्जी एवढंच म्हणाली, "जाऊ दे. दुसरी करू."

दुसरी तिने सुरूही केली. पण मोतीबिंदूने नजर मंदावली, हात थरथरायला लागले, ती गोधडी अर्धी राहिली. मी नोकरीला लागलो, पुण्यात फ्लॅट घेतला, ऑनलाइन कम्फर्टर मागवला. त्या गोधडीचं पुढे काय झालं, हे मी कधी विचारलं नाही.

तेराव्यानंतर आईने आज्जीची ट्रंक उघडली. सगळ्यात वर तीच अर्धी गोधडी. एका कडेला सुई तशीच टोचलेली, दोरा ओवलेला. आणि ती इतकी पातळ होती की मला नवल वाटलं. आज्जीच्या गोधड्या जाडजूड असायच्या, एका हाताने उचलायच्या नाहीत.

मग मला राहवलं नाही. इतक्या वर्षांनी मी आईला खरं काय ते सांगितलं. आई शांतपणे म्हणाली, "तिला ठाऊक होतं रे. मला तेव्हाच म्हणाली होती, गोधडी कोण चोरतंय? पोराला लाज वाटली असंल. या खेपेला पातळ करूया, बॅगेत बसंल अशी."

मित्रांनो, त्या रात्री मी हा श्लोक पुन्हा वाचला, आणि माझा राग कुठे चुकला ते दिसलं. भगवंत अर्जुनाच्या शोकाला उत्तर देतात. मला मात्र शोकापेक्षा अपराध जास्त टोचत होता, आणि त्याचं ओझं मी श्लोकावर टाकत होतो. आज्जी गेली यावर गीता मला धीर देते. मी खोटं बोललो, हे मात्र मलाच कुणासमोर तरी कबूल करावं लागणार होतं.

दुसरी गोष्ट. या श्लोकात वस्त्र सोडणारा देही आहे. त्याने धरून ठेवू नये, एवढंच तिथे आहे. जुनं ते तुच्छ, असं कुठे म्हटलंय? तो अर्थ माझा होता. आमच्या कामात जुना कोड काढण्याआधी आपण बघतो, त्याच्यावर अजून काय काय चालतंय. घरातल्या जुन्या वस्तूंना आणि जुन्या माणसांना मी तेवढाही वेळ दिला नव्हता.

सोडणं दोन प्रकारचं असतं. मी गोधडी सोडली ती लाजेने. आज्जीने आपलं लुगडं सोडलं ते दुसऱ्याला ऊब मिळावी म्हणून. तिला त्या लुगड्याचा लोभ नव्हता, नाहीतर तिने त्यावर कात्री चालवली नसती. मला वाटतं, वैराग्य तिला माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं.

आणि लाज तरी कशाची? संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) ठिगळांचे कपडे घालून गावोगाव हिंडले. लोक त्यांना गोधडे महाराज म्हणायचे. त्यांनी पंढरपुरात यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारली, पण स्वतःच्या अंगावर चिंध्याच ठेवल्या. पूर्वापार साधू-बैरागी अंगावर घेत आले ती कंथा म्हणजे सुद्धा चिंध्या जोडून केलेलं वस्त्रच. मी कॉटखाली लपवलं ते हेच.

आता दर रविवारी व्हिडिओ कॉल लावून आई मला टाके शिकवते. माझे टाके वाकडे पडतात, कुठे लांब, कुठे आखूड. आज्जीचे कुठे संपले आणि माझे कुठे सुरू झाले, ते लांबूनही ओळखू येतं. उसवून नीट करू का, असं विचारलं तर आई म्हणाली, "राहू दे."

आजसाठी एक छोटी साधना. घरातली एक जुनी वस्तू हातात घ्या आणि ती कुणी, कुणासाठी केली ते घरच्यांना विचारा. आणि माझ्यासारखं काही कबूल करायचं राहून गेलं असेल, तर ते माणूस असेपर्यंत करून टाका. मला ऐकायला आई होती. आज्जीला सांगायचं मात्र राहिलंच.

पांडुरंगा, सोडायचं ते प्रेमाने सोडता येऊ दे, आणि ज्यांनी आम्हाला ऊब दिली त्यांची लाज कधी वाटू देऊ नकोस.

राम कृष्ण हरी.