एका थांब्याची किंमत

माघ पौर्णिमा जवळ आली की आमच्या हॉस्टेलमधल्या सालेकसा, आमगाव, देवरीकडच्या मुलींची सुट्टीच्या अर्जांची घाई सुरू होते. कारण कचारगडची यात्रा! गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातल्या डोंगरात असलेली ही प्रचंड नैसर्गिक गुहा गोंड समाजाचं श्रद्धास्थान आहे. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांचं स्मरण करत महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा अशा कितीतरी भागांतून लोक येतात. 'जय सेवा' म्हणत एकमेकांना भेटतात आणि धनेगावच्या बाजूने डोंगर चढतात.

या गुहेचं रेल्वे स्टेशन म्हणजे दरेकसा. ते चक्क हावडा-मुंबई मुख्य मार्गावर आहे. गोंदिया सोडलं की गुदमा, आमगाव, धानोली, सालेकसा आणि मग दरेकसा. त्यापुढे बोरतलाव, म्हणजे छत्तीसगड सुरू. दिवसभर गाड्यांची ये-जा असते, पण बहुतेक एक्सप्रेस दरेकसाला न थांबता धडधडत निघून जातात.

माझ्या रूममेटचं गाव त्याच पट्ट्यात. तिने मला एकदा सरळ विचारलं, "तू मेकॅनिकलची ना? मग सांग, गाडी दोन मिनिटं थांबली तर रेल्वेचं असं काय बिघडतं?" प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर भावनेने देता येत नाही आणि 'नियम आहे' म्हणूनही देता येत नाही. ते गणिताने द्यावं लागतं. म्हणून हा लेख.

आज दरेकसावरून जाणाऱ्या गाड्या विजेच्या तारेखाली धावतात. तरी मी उदाहरणाला डिझेल-इलेक्ट्रिक इंजिन घेतलं आहे. विजेच्या इंजिनाला शक्ती दूरच्या वीजकेंद्रातून मिळते. डिझेल इंजिन मात्र आपलं वीजघर पाठीवर घेऊन फिरतं, त्यामुळे खर्च कुठे होतो ते स्पष्ट दिसतं. शिवाय आपल्याच जिल्ह्यातून अर्जुनी, वडसा, नागभीड असा जाणारा गोंदिया-बल्लारशा मार्ग अगदी अलीकडेपर्यंत डिझेलवर चालत होता. त्या पॅसेंजरने प्रवास केलेले बरेच जण हा अंक वाचत असतील.

डिझेलला चाक थेट का जोडत नाहीत?

मोटारसायकल आठवा. गाडी उभी असताना क्लच न दाबता गिअर टाकला तर इंजिन बंद पडतं. कारण डिझेल काय, पेट्रोल काय, अशा इंजिनाला शून्य वेगावर जोरच नसतो. त्याला आधी फिरावं लागतं, मग ते काम करतं. रेल्वेची गरज नेमकी उलटी असते. सगळ्यात जास्त जोर हवा तो गाडी उभी असताना, शेकडो टन वजन जागेवरून हलवताना. २,६०० अश्वशक्ती आणि इतकं वजन पेलणारा, रोज शंभर वेळा घसरूनही न जळणारा क्लच बनवणं काही सोपं नाही.

म्हणून मध्ये वीज आणली. डिझेल इंजिन फक्त अल्टरनेटर (जुन्या इंजिनांत जनरेटर) फिरवतं. तयार झालेली वीज आसांवर बसवलेल्या ट्रॅक्शन मोटरना जाते आणि मोटर चाकं फिरवतात. मोटरची गंमत अशी की ती उभी असतानाच सगळ्यात जास्त टॉर्क देते, म्हणजे पीळ देण्याचा जोर. इंजिन आणि चाक यांच्यात दांडा-गिअरचं नातं नाही. म्हणूनच स्टेशनात गाडी उभी असताना इंजिन मजेत धकधकत राहू शकतं.

आपल्याकडे वर्षानुवर्षं धावलेलं इंजिन म्हणजे डब्ल्यूडीएम-२. अमेरिकेच्या अल्को कंपनीचं डिझाइन. १९६२ साली ती इंजिनं तिकडून आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समध्ये बनू लागली. १६ सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती, सुमारे ११३ टन वजन, सहा आस आणि सहाही आसांवर मोटर. ड्रायव्हरच्या हातात आठ नॉच. रिकामं फिरताना ते मिनिटाला ४०० फेरे घेई आणि आठव्या नॉचला १,०००.

इथे एक सुंदर युक्ती आहे. इंजिनाची शक्ती ठरलेली, म्हणजे व्होल्टेज आणि करंट यांचा गुणाकार ठरलेला. सुरुवातीला मोटरना करंट जास्त लागतो, म्हणून व्होल्टेज कमी ठेवायचं. वेग वाढला की करंट उतरतो, मग व्होल्टेज चढवायचं. हे काम गव्हर्नर अल्टरनेटरचं एक्साइटेशन कमी-जास्त करून आपोआप करतो. त्यामुळे वेग कितीही असला तरी इंजिन आपली पूर्ण ताकद वापरू शकतं. पण त्याचा दुसरा अर्थ असा की वेग वाढेल तसा ओढण्याचा जोर कमी होत जातो. एकूण शक्ती तेवढीच, ती एकतर जोरात खर्च करा नाहीतर वेगात. थांब्याचा सगळा हिशेब या एका वाक्यात आहे.

आता हिशेब

समजा डब्ल्यूडीएम-२ ला भरलेले १२ डबे जोडले आहेत. डब्याचं वजन माणसांसकट ५० टन धरू. म्हणजे डबे ६०० टन, इंजिन ११३ टन, एकूण ढोबळमानाने ७०० टन. गाडीचा वेग ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर.

गतिज ऊर्जेचं सूत्र अकरावीतलं: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. उत्तर येतं सुमारे २७० मेगाज्यूल, म्हणजेच ७५ युनिट वीज. गाडी थांबवली की हे ७५ युनिट ब्रेकच्या ठोकळ्यांत आणि चाकांत उष्णता होऊन संपतात. पुन्हा वेग घ्यायचा तर तेवढे परत निर्माण करायचे. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते आणि टाकीपासून रुळापर्यंत त्यातली अंदाजे ३० टक्केच पोचते असं धरलं, तर लिटरमागे ३ युनिट. म्हणजे एका थांब्याला सुमारे २५ लिटर डिझेल! ताशी ८० ने धावणारी गाडी थांबवली तर १६ लिटर. वेगाचा वर्ग असल्यामुळे एवढा फरक पडतो.

आता वेळ. २,६०० अश्वशक्तीपैकी पंखे, कॉम्प्रेसर आणि विजेतली गळती वजा जाता रुळावर साधारण १,५०० किलोवॅट मिळतात असं धरू. २७० मेगाज्यूल भागिले १.५ मेगावॅट म्हणजे १८० सेकंद. हवेचा आणि रुळांचा अडथळा शून्य धरूनही तीन मिनिटं! सुरुवातीला ओढ जबरदस्त असते, जवळजवळ ३० टन. पण ताशी १८ किलोमीटरच्या पुढे गेलं की शक्तीची मर्यादा लागते आणि ओढ घटू लागते. म्हणून ताशी ५० गाठायला ४५ सेकंद, तर १०० गाठायला त्याच्या चौपट.

या तीन मिनिटांत गाडी ३.३ किलोमीटर जाते. न थांबता तेच अंतर तिने दोन मिनिटांत कापलं असतं. म्हणजे वेग घेताना एक मिनिट गेलं. ब्रेक लावताना अर्धं मिनिट. फलाटावर एक मिनिट. बेरीज अडीच मिनिटं. प्रत्यक्षात हवेचा अडथळा धरला की तीन-साडेतीन होतात.

दरेकसाचा भाग डोंगराळ. तिथल्या चढाचा आकडा मी देत नाही, पण गणितापुरता १०० मीटरला १ मीटर असा चढ घेऊ. ७०० टनांची गाडी अशा चढावर नुसती टिकवून धरायलाच सुमारे ७ टन ओढ लागते. तेव्हा आपलं हे इंजिन ताशी साठ-पासष्टच्या वर जाऊच शकत नाही. धावत येणारी गाडी वेगाच्या जोरावर असा चढ बराचसा काढते. पायथ्याला थांबलेल्या गाडीकडे ती पुंजी नसते. म्हणजे माझ्या रूममेटच्या 'दोन मिनिटां'चे इथे पाच होऊ शकतात. मुख्य मार्गावर मागे दुसरी गाडी असते, तिच्या मागे मालगाडी, आणि ही पाच मिनिटं त्या सगळ्यांना वाटली जातात.

इथपर्यंत वाचून वाटेल की रेल्वेचंच बरोबर. थांबा, लेख संपलेला नाही!

रोजच्या प्रवासाचं इंजिन वेगळं असतं

वरचा हिशेब लांब पल्ल्याच्या गाडीचा आहे. तेच इंजिन दर सात-आठ किलोमीटरला थांबणाऱ्या गाडीला लावलं तर ते आपला बहुतेक वेळ वेग घेण्यात आणि घालवण्यात काढणार. जगात ज्यांनी उपनगरी प्रवासासाठी मुद्दाम डिझेल-इलेक्ट्रिक इंजिनं बनवली, त्यांनी तीन गोष्टी बदलल्या.

पहिली, टनामागे अश्वशक्ती. आपल्या उदाहरणात ती ३.६ आहे. हाच आकडा ६ केला तर वेग घ्यायला १८० ऐवजी १०८ सेकंद लागतात. नुसती शक्ती वाढवून भागत नाही, वजनही पाहावं लागतं.

दुसरी, डब्यांची वीज. दिवे, पंखे, थंड प्रदेशात हीटर. आपल्या जुन्या डब्यांत चाकाच्या आसावर पट्ट्याने फिरणारा अल्टरनेटर असतो, म्हणजे ती वीजही इंजिनच ओढून देतं आणि गाडी उभी राहिली की बॅटरीवर भागवावं लागतं. उपनगरी गाडी सारखी थांबणारी, म्हणून तिथे वीज इंजिनाकडूनच थेट घेतात. यात अडचण अशी की डब्यांना स्थिर फ्रिक्वेन्सी हवी. अमेरिकेच्या एफ४०पीएच इंजिनात त्यासाठी मुख्य इंजिन मिनिटाला ८९३ फेऱ्यांवर अडकवून ठेवत. फलाटावर उभं असतानाही ते कर्कश ओरडायचं. कॅनडातल्या टोरोंटोच्या गो ट्रान्झिटने दुसरा मार्ग घेतला. १९६७ साली ती सेवा सुरू झाली तेव्हा तिच्यासाठी खास बनवलेल्या आठ जीपी४०टीसी इंजिनांत डब्यांच्या विजेसाठी वेगळा जनरेटर होता. १९८८ मध्ये आलेल्या ३,००० अश्वशक्तीच्या एफ५९पीएच मध्येही तीच सोय होती. पुढे दहाऐवजी बारा डबे ओढायची वेळ आली तेव्हा ४,००० अश्वशक्तीचं एमपी४० आणलं. डबे वाढले तर शक्तीही वाढवली, वेळापत्रक बिघडू दिलं नाही.

तिसरी, शेवटच्या स्टेशनावर इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावण्याचा खटाटोप. टोरोंटोत गाडीच्या दुसऱ्या टोकाच्या डब्यातच ड्रायव्हरची केबिन असते. जाताना इंजिन ओढतं, येताना ढकलतं.

आपल्याकडेही प्रयत्न झाले. १९९५ मध्ये वाराणसीने डब्ल्यूडीपी-१ काढलं. चार आस, ८० टन, २,३०० अश्वशक्ती. म्हणजे डब्ल्यूडीएम-२ पेक्षा तेहेतीस टन हलकं आणि शक्ती फक्त ३०० ने कमी. ते मोठ्या एक्सप्रेसना पुरं पडलं नाही, पण कमी अंतराच्या पॅसेंजरवर कामाला आलं. त्याआधी १९९४ मध्ये चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीने डेमू आणली होती. यात वेगळं इंजिनच नाही. एका डब्याच्या अर्ध्या भागात डिझेल इंजिन आणि अल्टरनेटर, उरलेल्या भागात प्रवासी. आधी ७०० अश्वशक्ती, नंतर १,४००. एका पॉवर कारमागे तीन साधे डबे, दोन्ही टोकांना केबिन. ११३ टनांचं बिनप्रवाशांचं ओझं गेलं आणि टनामागे अश्वशक्ती सहाच्या आसपास आली. महाराष्ट्रात मार्च २०१७ मध्ये पुणे-दौंड मार्गावर अशी डेमू सुरू झाली होती.

मग दरेकसाचं काय?

माझं उत्तर असं: थांब्याची किंमत स्टेशनावर ठरत नाही, गाडीवर ठरते. बारा-वीस डब्यांची लांब पल्ल्याची एक्सप्रेस दरेकसाला थांबवणं खरंच महाग आहे, आणि हे आपण मान्य केलं पाहिजे. पण तोच थांबा हलक्या, भरपूर शक्तीच्या गाडीला स्वस्त पडतो. थ्री-फेज मेमू घ्या. तिच्यात मोटर अनेक आसांवर वाटलेल्या असतात, त्यामुळे ती झपकन वेग घेते. ब्रेक लावताना तिच्या मोटर जनरेटर होतात आणि वीज तारेत परत जाते. डिझेल-इलेक्ट्रिकमध्येही मोटर जनरेटर करता येतात, पण ती वीज द्यायची कुणाला? छपरावरच्या रेझिस्टरमध्ये जाळून टाकतात. जे ७५ युनिट डिझेल गाडीत वाया जातात, त्यातला मोठा हिस्सा इथे परत मिळतो.

म्हणून लहान स्टेशनच्या लोकांनी मागणी करताना 'अमुक एक्सप्रेसला थांबा द्या' एवढंच म्हणू नये असं मला वाटतं. 'गोंदिया-डोंगरगडदरम्यान योग्य वेळी जास्त मेमू द्या, यात्रेच्या दिवसांत फेऱ्या वाढवा' ही मागणी गणिताच्या आधारावर उभी राहते, आणि ती नाकारायला 'वेळ जातो' हे कारण तितकंसं पुरत नाही. पाच मिनिटं वाचवायची म्हणून एक्सप्रेस पुढे काढायची आणि मागून गाडीच द्यायची नाही, याला मात्र इंजिनिअरिंग म्हणता येणार नाही. ज्या म्हाताऱ्या बाईला दरेकसाला उतरून धनेगाव गाठायचं आहे, तिच्या वेळेचं युनिटही त्या बेरजेत धरलंच पाहिजे.

रूममेटला मी हा सगळा हिशेब वहीत मांडून दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे आमचं पण बरोबर आणि त्यांचं पण?" मी म्हटलं, "नाही. गाडी चुकीची."

वाचकांसाठी गृहपाठ: पुढच्या वेळी घरी जाताना मोबाइलमधलं वेग दाखवणारं ॲप लावा आणि गाडी सुटल्यापासून ताशी ४० आणि ताशी ८० गाठायला किती सेकंद लागले ते लिहून ठेवा. दुसरा आकडा पहिल्याच्या साधारण चौपट आला, तर गाडी पूर्ण शक्तीने चालली आहे. चौपटीहून बराच जास्त आला, तर चढ असेल, सिग्नल असेल किंवा डबे जास्त असतील. मेमू, एक्सप्रेस, पॅसेंजर, सगळ्यांचे आकडे आणा. हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर तक्ता मी लावते.