गुंतवणुकीची मुनिमी : मोबदला द्यावा की न द्यावा?

पेढीवर मुनीम ठेवला तर त्याला पगार द्यावा की नाही, असा प्रश्न कोणी व्यापारी विचारीत नाही. वही कोण लिहितो, रोकड कोण मेळवितो, उधारीचा तगादा कोण लावतो, हे मालकास डोळ्यांनी दिसते. रात्री रोकड मिळाली नाही तर चूक त्याच रात्री उघडकीस येते. परंतु धंद्यातून वाचलेले द्रव्य समभागांत किंवा म्युच्युअल फंडांत घालून ते सांभाळण्यासाठी दुसऱ्यास मोबदला देण्याची वेळ आली, की हाच हिशेबी मालक गोंधळतो. कारण या मुनिमीची रोकड रोज मेळविता येत नाही. तिचा खरा हिशेब लागावयास दहा-पंधरा वर्षे जातात.

आपल्या महूत हा प्रश्न आता घरोघरी आला आहे. १८१८ साली येथे छावणी वसली आणि तिच्या आश्रयाने किराणा, कापड, धान्य यांचा व्यापार वाढला. पूर्वी व्यापाऱ्याचे सारे भांडवल दुकानातच फिरत असे. आज मुले नोकरीसाठी परगावी गेली आहेत, कोणी दुकान आवरते घेतो, कोणी वखार विकतो. लष्करातून निवृत्त होऊन येथे स्थायिक झालेल्या गृहस्थांच्या हातीही एकदम मोठी रक्कम येते. जन्मभराची ही कमाई पुन्हा मिळवावयाची नसते. म्हणून ती कोणाच्या हाती द्यावी, आणि दिल्यास किती मोबदल्यावर, याचा विचार थंड डोक्याने करणे अगत्याचे आहे.

महूच्या सुपुत्राची सल्लागार पेढी

या विषयाचा एक धागा थेट महूशी जोडलेला आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत झाला. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन आणि लंडनमधील अभ्यास अर्धा सोडून ते १९१७ साली परतले. बडोद्याची नोकरी अपमानास्पद वागणुकीमुळे सोडावी लागल्यावर मुंबईत चरितार्थासाठी त्यांनी जे उद्योग केले, त्यांत समभाग व रोखे यांच्या व्यवहाराविषयी सल्ला देणारी एक पेढीही होती. म्हणजे आज आपण ज्याला गुंतवणूक सल्लागार म्हणतो, तोच तो व्यवसाय. परंतु सल्लागार अस्पृश्य समाजातील आहे हे कळताच ग्राहक येईनासे झाले आणि पेढी बंद पडली. १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि पुढे १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्या ग्राहकांनी काय केले, ते व्यापारी दृष्टीने पाहू. देशात त्या काळी अर्थशास्त्राचे एवढे शिक्षण घेतलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यांपैकी एकाचा सल्ला हाताशी असता ग्राहकांनी सल्ला तपासला नाही, सल्लागाराची जात तपासली. अन्याय तर झालाच. शिवाय तोटा ग्राहकांचाही झाला. आपण यापासून धडा घ्यावयाचा तो असा की, ‘आपला’ नव्हे म्हणून जाणत्यास दूर लोटणे आणि ‘आपला’ आहे म्हणून अजाणत्याच्या हाती तिजोरीची किल्ली देणे, या दोन्ही चुका एकाच मापाने घडतात. दुसरी चूक आपल्या व्यापारी समाजात अजून सर्रास होते. नात्यातला, ओळखीतला, बैठकीतला म्हणून आपण कागद न वाचता सही करतो.

शेकडा दोनचे चक्रवाढ

आता गणिताकडे वळू. समजा, एका गृहस्थाने १० लाख रुपये २० वर्षांसाठी गुंतविले आणि त्यांवर दरसाल दरशेकडा १२ या दराने चक्रवाढ वृद्धी झाली. हा दर केवळ उदाहरणासाठी घेतला आहे. बाजार असा दर कोणास बांधून देत नाही. मोबदला काहीच दिला नाही, तर अखेरीस सुमारे ९६ लाख ४६ हजार रुपये होतील. दरसाल शेकडा १ मोबदला वजा गेल्यास सुमारे ८० लाख ६२ हजार होतील. शेकडा २ वजा गेल्यास सुमारे ६७ लाख २७ हजार उरतील.

शेकडा दोन हा आकडा कानास किरकोळ वाटतो. दलालीचे असले आकडे आपण रोज ऐकतो. पण दलाली सौद्यावर एकदाच पडते. हा मोबदला दरसाल सगळ्या मुद्दलावर पडतो. वरील उदाहरणात २० वर्षांत २९ लाखांहून अधिक रक्कम, म्हणजे मूळ भांडवलाच्या जवळजवळ तिप्पट, कमी झाली. शिवाय नफा १२ असता २ देणे म्हणजे नफ्याचा सहावा हिस्सा देणे होय. आणि ज्या वर्षी तोटा येतो, त्या वर्षीही तो द्यावाच लागतो. मोबदला निश्चित असतो, लाभ अनिश्चित असतो. सारा विचार या एका वाक्याभोवती फिरतो.

बाजाराहून पुढे कोण?

यावर कोणी म्हणेल की, निष्णात व्यवस्थापक बाजारापेक्षा अधिक मिळवून देईल आणि मोबदला भरून निघेल. काहीजण मिळवून देतातही. अडचण अशी की, पुढील वीस वर्षांत ते कोण असतील हे आज ओळखता येत नाही. १९९० चे नोबेल पारितोषिक मिळालेले अर्थशास्त्रज्ञ विल्यम शार्प यांनी १९९१ साली एक साधी गोष्ट मांडली : सर्व गुंतवणूकदार मिळूनच बाजार बनतो. म्हणून निवड करून गुंतविणाऱ्यांची सरासरी, खर्चापूर्वी, बाजाराइतकीच असणार आणि खर्च वजा जाता बाजारापेक्षा कमी भरणार. एकाचे अधिक हे दुसऱ्याचे उणे असते.

अमेरिकेतील वॉरन बफे यांनी २००८ ते २०१७ या दहा वर्षांची एक पैज लावली होती. एका बाजूस बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणारा स्वस्त फंड, दुसऱ्या बाजूस निष्णात व्यवस्थापकांनी निवडलेले पाच महागडे फंडसमूह. दहा वर्षांत निर्देशांक फंड १२५.८ टक्के वाढला. पाचांतील उत्तम समूह ८७.७ टक्क्यांवर राहिला आणि कनिष्ठ अवघ्या २.८ टक्क्यांवर. त्या समूहांत मोबदला दोन थरांनी कापला जात होता, हे येथे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडेही निर्देशांक फंड मिळतात. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक म्युच्युअल फंडात थेट योजनेची सोय आहे, तीत वितरकाचे कमिशन नसते. ज्यास बाजाराची सरासरी पुरेशी वाटते, त्यास ती अल्प खर्चात मिळू शकते.

मग मोबदला कशासाठी?

एवढ्यावरून सल्लागार निरुपयोगी ठरत नाही. १९२० च्या जानेवारीत नव्हे, तर आपल्या डोळ्यांदेखत २०२० च्या जानेवारीत मुंबईचा सेन्सेक्स सुमारे ४२ हजारांवर होता. २३ मार्च रोजी तो २६ हजारांच्या खाली उतरला आणि नोव्हेंबरात पुन्हा ४२ हजारांवर गेला. ज्याने मार्चमध्ये घाबरून विकले, त्याचे नुकसान कोणत्याही मोबदल्याहून मोठे होते. त्या दिवशी ‘थांबा’ म्हणणारा माणूस जवळ असता, तर त्याने आपले वेतन एका शब्दात फेडले असते.

तसेच घराची गरज, मुलीचे शिक्षण, वृद्धापकाळ, विमा, मृत्युपत्र यांचा मेळ घालून देणे, उसनवारीवर सट्टा करू न देणे, सर्व पैसा एकाच ठिकाणी घालू न देणे, ही कामे वकिलाच्या किंवा वैद्याच्या कामासारखी आहेत. त्यांना श्रमाच्या मानाने ठरावीक रक्कम देणे योग्यच होय. बाजाराला हरविण्याच्या आश्वासनासाठी मात्र मुद्दलाचा हिस्सा देऊ नये.

कायदा आणि सावधगिरी

सेबीचे गुंतवणूक सल्लागारांविषयीचे नियम २०१३ साली आले. नोंदणीकृत सल्लागाराने मोबदला ग्राहकाकडून घ्यावयाचा असतो आणि त्याच ग्राहकाला योजना विकून कमिशन घ्यावयाचे नसते. २०२० साली मोबदल्यावर मर्यादा आली : सल्ल्याखालील मालमत्तेवर दरसाल शेकडा २.५ हून अधिक नाही, अथवा ठरावीक रक्कम, तीही मर्यादेच्या आत. पोर्टफोलिओ व्यवस्थापकाकडे खरेदीविक्रीचा अधिकारच सोपवावयाचा असेल, तर त्याच वर्षापासून किमान ५० लाख रुपये लागतात.

नियम असूनही आपले शेजारचे इंदूर या बाबतीत बदनाम झाले. तेथील अनेक सल्लागार संस्थांविरुद्ध सेबीने आदेश काढले. रीत बहुधा एकच दिसते : दूरध्वनीवर गोड बोलणे, ठरीव नफ्याचे आमिष, पहिली सेवा संपण्याआधीच दुसरी व तिसरी विकणे, तोटा झाला की ‘वरच्या दर्जाच्या’ सेवेसाठी आणखी पैसे मागणे. माझ्या परिचयाच्या एका वृद्ध व्यापाऱ्याने अशा एका संस्थेस इतक्या वेळा फी भरली की, गुंतवावयाची रक्कमच फीमध्ये संपली. चाळीस वर्षे धान्याचा दाणा हातात घेतल्यावाचून सौदा न करणारा हा माणूस. पण न पाहिलेल्या आवाजावर त्याने विश्वास टाकला.

म्हणून कोणासही मोबदला देण्यापूर्वी पुढील प्रश्न अवश्य विचारावेत :

१. आपली सेबीची नोंदणी कोणत्या प्रकारची आहे? तिचा क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळावा.
२. आपणांस माझ्याखेरीज आणखी कोणाकडून पैसे मिळतात काय?
३. वर्षाअखेर माझ्या खिशातून एकंदर किती रुपये जातील? उत्तर टक्क्यांत घेऊ नये, रुपयांत लिहून घ्यावे.
४. समभाग व पैसा माझ्याच नावावर राहतील ना?
५. निर्देशांक फंडाशी तुलना करून दरसाल हिशेब द्याल काय?

आणि जो ठरीव नफ्याची हमी देईल, त्याच्याशी सहावा प्रश्न न विचारता नमस्कार करून निघावे.

सारांश, मोबदला देण्यात कमीपणा नाही आणि न देण्यात शहाणपणही नाही. काम कोणते, त्याची किंमत किती आणि ते करणारा त्यास लायक आहे काय, एवढेच पाहावयाचे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत एका सल्लागाराच्या पेढीची पायरी उतरून गेलेल्या ग्राहकांनी यांतला शेवटचा प्रश्न विचारलाच नाही. आपण तो विचारावा. परक्यास विचारावा, आणि आपल्या माणसास त्याहून अगोदर विचारावा.