गाडी बंद, तरी बॅटरी उतरते कशी?

तळोद्यात शनिवारी दुपारी लावलेली माझी जुनी गाडी मंगळवारी सकाळी सुरूच होईना. सोमवारी सुट्टी होती. शाळेची वेळ झालेली, आणि स्टार्टर नुसता टकटक! बॅटरी तर नवीन. म्हणजे बंद गाडीत कुठेतरी वीज झिरपत होती.

तुमच्याकडेही असं होत असेल तर चावी काढा, दिवे बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून मधे मल्टिमीटर जोडा, १० अँपिअरवर. (तेव्हा स्टार्टर मारायचा नाही हं, मीटरचा फ्यूज उडतो.) घड्याळ, रेडिओची मेमरी यांना थोडी वीज लागतेच, साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. माझ्याकडे ४५० दिसले! एकेक फ्यूज काढत गेलो. डिकीच्या दिव्याचा काढला आणि आकडा ३० वर आला. फरक ४२०, म्हणजे १२ व्होल्टवर ५ वॅटचा दिवाच.

पाचवीला गणित दिलं: बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, सतत अर्धा अँपिअर गेला तर किती तास पुरेल? सत्तर, पोरांनी लगेच सांगितलं. एकीने विचारलं, "सर, डिकी बंद असताना आतला दिवा दिसला कसा?"

मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून आत ठेवला होता. झाकण लावलं तरी स्विच दबतच नव्हता.