शेजारची सिगारेट, आपलं घर: कशावर किती खर्च करावा?

भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडवर तळमजला अधिक चार मजल्यांच्या जुन्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत. हॉलची खिडकी समोरच्याच्या ग्रिलसमोर उघडते, संडास-बाथरूमची खिडकी डक्टमध्ये. खालच्याने बाथरूममध्ये सिगारेट पेटवली की धूर डक्टमधून वर चढतो आणि वरच्याच्या घरात शिरतो. मग घरात पहिला विषय निघतो तो एअर प्युरिफायरचा. तो सगळ्यात शेवटी घ्या. बहुतेक घरांत धुराची वाट सापडली की पहिल्या हजार-दीड हजारात जे साधतं, ते दहा हजारांच्या यंत्राने साधत नाही.

खाली दिलेले भाव अंदाजे आहेत. ब्रँड आणि दुकानाप्रमाणे ते कमी-जास्त होतील.

धुराची वाट शोधा: एक उदबत्ती

रात्री दारं-खिडक्या लावा, छताचे पंखे बंद करा, गॅस बंद ठेवा आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट किंवा चिमणी सुरू करा. पेटती उदबत्ती एकेका फटीजवळ धरा: सिंकखाली भिंतीत जाणारा पाइप, फ्लशच्या टाकीमागचं भोक, एसीच्या पाइपाची जागा, मुख्य दाराची खालची फट, बाथरूमच्या खिडकीच्या काचपट्ट्या. उदबत्तीचा धूर जिथे जोराने घरात वळतो, तिथूनच शेजारचाही येतो.

यातून आणखी एक गोष्ट कळते. खिडक्या बंद करून चिमणी लावली की ती घरातली हवा बाहेर फेकते आणि तेवढीच हवा फटींमधून आत ओढते. म्हणजे डक्टमधला धूर आपणच घरात बोलावतो. चिमणी चालू असताना रस्त्याकडची एक खिडकी उघडी ठेवा. खर्च शून्य.

याच वेळी एक वही ठेवा: तारीख, वेळ, कोणत्या खोलीत वास आला. दोन आठवड्यांची नोंद पुढे सोसायटीत कामाला येते.

फटी बुजवा: ५०० ते १,५०० रुपये

- सिलिकॉन सीलंटची ट्यूब: २०० ते ३५० रुपये. पाइपाभोवतीच्या फटींसाठी.
- फोमचा स्प्रे: ४०० ते ७०० रुपये. मोठ्या भोकांसाठी.
- दाराखालची रबरी पट्टी: १५० ते ५०० रुपये. जिन्यातून येणाऱ्या धुरासाठी.
- खिडकीच्या चौकटीला चिकटणारी रबरी टेप: १५० ते ४०० रुपये.
- नहाणी ट्रॅप: न वापरलेल्या मोरीचा ट्रॅप सुकतो आणि ड्रेनेज लाइनमधला वास वर येतो. रोज तांब्याभर पाणी ओता.

एक इशारा. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तिथली हवेची वाट कधीही बुजवू नका. गिझरमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो आणि त्याला वासही नसतो. स्वयंपाकघरात पाइप गॅससाठी ठेवलेली जाळीही मोकळीच राहू द्या.

एक्झॉस्ट पंखा: १,५०० ते ३,५०० रुपये

बाथरूममध्ये सहा इंची पंखा बसवायचा असेल तर मागे आपोआप मिटणारं शटर असलेलाच घ्या. साधा पंखा बंद असताना उघड्या खिडकीसारखाच असतो, डक्टमधला धूर त्यातून सरळ आत येतो. पंखा आधीपासून असेल तर दोन-पाचशे रुपयांत नुसतं शटर लावून मिळतं. इलेक्ट्रिशियनचे ३०० ते ५०० रुपये वेगळे.

प्युरिफायर: ७,००० ते १५,००० रुपये, शिवाय दरवर्षी फिल्टर

यंत्राचा हेपा फिल्टर धुरातले बारीक कण पकडतो. वास आणि वायू पकडायला ॲक्टिव्हेटेड कार्बन लागतो आणि स्वस्त यंत्रांत त्याचा पातळ थर असतो, तो लवकर भरतो. म्हणून ‘हेपा’ हा शब्द वाचून थांबू नका, कार्बन किती आहे तेही विचारा.

खोलीचा हिशेब असा: १० बाय १२ ची खोली, उंची ९ फूट, म्हणजे साधारण ३० घनमीटर हवा. ती तासाला पाच वेळा गाळली जावी असं धरलं तर यंत्राचा सीएडीआर (ताशी किती स्वच्छ हवा देतं ते माप) किमान १५० घनमीटर प्रतितास हवा. एक यंत्र एकाच खोलीचं. हॉलमधलं यंत्र बेडरूम सांभाळत नाही.

फिल्टर सहा महिने ते वर्षभरात बदलावा लागतो, दर वेळी १,५०० ते ३,५०० रुपये. ४० वॉटचं यंत्र रोज दहा तास चाललं तर महिन्याला १२ युनिट, म्हणजे अदानीच्या बिलात शंभर-सव्वाशेची भर. धूर येत राहिला तर यंत्र तो कमी करतं, संपवत नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालाने दुसऱ्याच्या धुराचं कोणतंही प्रमाण निर्धोक नसल्याचं सांगितलं आहे.

रूम फ्रेशनर, धूप आणि ओझोन सोडणारी यंत्रं यांवर पैसे घालू नका. पहिली दोन वास झाकतात, ओझोन फुप्फुसाला त्रास देतो.

बोलून पाहा: शून्य रुपये

ज्याचा धूर येतो त्याला बऱ्याचदा ते ठाऊकच नसतं. दारात गर्दी जमवून नको, एकट्याने जा. ‘काका, तुम्ही बाथरूममध्ये ओढता तेव्हा डक्टमधून धूर आमच्या पोराच्या खोलीत येतो. रस्त्याकडच्या खिडकीत उभं राहून ओढलीत तर आमचं भागेल.’ सिगारेट सोडा असं सांगायला गेलात तर भांडण ठरलेलं. जागा बदला एवढं मागणं बहुतेक जण ऐकतात. त्यांनीच सोडायची इच्छा दाखवली तर १८००-११-२३५६ ही सरकारी क्विटलाइन विनाशुल्क आहे.

शेजारी भाडेकरू असेल तर घरमालकालाही कळवा. अकरा महिन्यांचा करार नवा होताना त्यात अट घालता येते.

सोसायटी: १०० ते १,००० रुपये

तोंडी तक्रारीला वजन नसतं. अर्ज दोन प्रतींत करा आणि आपल्या प्रतीवर सेक्रेटरीची सही-शिक्का घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. रजिस्टर पोस्ट आता त्यातच सामावलं आहे. मजकूर एवढाच पुरे:

‘दि. … ते … या काळात सदनिका क्र. … मधील सिगारेटचा धूर डक्टमार्गे आमच्या घरात येत आहे. नोंद सोबत जोडली आहे. उपविधींनुसार सभासदाने इतरांना उपद्रव होईल असे वर्तन करू नये. समितीने संबंधितांना लेखी सूचना द्यावी व घेतलेला निर्णय आम्हाला लेखी कळवावा.’

घरात दम्याचा रुग्ण असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. खासगी तपासणीचे ३०० ते ६०० रुपये होतील.

जिना, गच्ची, लिफ्ट आणि आवारात धूम्रपान नको, असा ठराव सर्वसाधारण सभेत मांडा. फलक ३०० ते ८०० रुपयांत होतो. धूम्रपानबंदीच्या २००८ च्या नियमांत सार्वजनिक ठिकाणच्या फलकाचं किमान माप ६० बाय ३० सेंटिमीटर आहे, तेच धरा. डक्टमध्ये फुटलेले पाइप आणि उघडी भोकं असतील तर ती दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने मागा.

पोलीस आणि कोर्ट: फुकट ते हजारो

मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई केली. पुढे तंबाखू नियंत्रणाचा २००३ चा कायदा आला. त्यात दंड २०० रुपयांपर्यंत. जिना आणि लिफ्ट लोकांच्या ये-जा करण्याच्या जागा आहेत, हा मुद्दा त्याखाली मांडता येतो. स्वतःच्या घरात ओढणं मात्र या कायद्यात बसत नाही.

घरातल्या धुरासाठी उरतं ते भारतीय न्याय संहितेचं कलम २८०, परिसरातली हवा आरोग्याला घातक करणं, आणि कलम २९२, सार्वजनिक उपद्रव. दोन्हींत दंड फार तर १,००० रुपये. एका घराचा त्रास ‘सार्वजनिक’ ठरवणं अवघड, म्हणून डक्टवरच्या सगळ्या घरांनी मिळून अर्ज द्या. पोलीस ठाण्यात एनसी (अदखलपात्र तक्रार) नोंदवायला पैसे लागत नाहीत.

वकिलाची नोटीस २,००० ते ५,००० रुपयांत जाते आणि पुष्कळदा तिथेच तडजोड होते. कोर्टात गेलात तर वकिलाची फी दहा हजारांच्या पटीत आणि निकालाला वर्षं लागतात. जपानमध्ये नागोयाच्या न्यायालयाने २०१२ मध्ये शेजाऱ्याच्या बाल्कनीतल्या धुराबद्दल एका महिलेला भरपाई दिली, ती ५० हजार येन. म्हणजे जिंकूनही हाती थोडंच.

वन बीएचकेचं बजेट

पहिला आठवडा: उदबत्ती, वही, बोलणं, खर्च शून्य. पहिला महिना: सीलंट, दाराची पट्टी, शटर, साधारण १,५०० रुपये. दुसरा महिना: सोसायटीला अर्ज, १०० रुपयांच्या आत. एवढं करूनही झोपायच्या खोलीत वास राहिला तर प्युरिफायर, पहिल्या वर्षी दहा ते अठरा हजार. वकील त्यानंतर, आणि तोही सोसायटीचं लेखी उत्तर हातात आल्यावरच. त्या कागदाशिवाय नोटिशीला जोर येत नाही.